साकू

सायकलवरून उतरलं की शेजारचे अण्णा सीटवर दोनदा थाप मारायचे आणि म्हणायचे, "साकू."

मी पुण्याहून बेंगळुरूत नवी आलेली. सखू असते, ठकू असते, तशी ही साकू. मला वाटलं, सायकलचं नाव. सर्जापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत कुत्र्यांची बारशी होतात, मग सत्तरीला टेकलेल्या माणसानं सायकलचं नाव ठेवलं तर काय बिघडलं? मी रोज विचारायचे, "अण्णा, साकू कशी आहे?" ते क्षणभर माझ्याकडे बघायचे आणि गंभीरपणे सांगायचे, "बरी आहे."

त्यांचं घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरूत. मराठीच, पण कन्नडमध्ये चांगलं मुरलेलं. मी 'काका' म्हटलं तर त्यांना ऐकूच यायचं नाही.

मला तुम्ही पाहिलं असेल. सिग्नलला काचेवर टकटक करून सायकल मार्गाचं पत्रक देते, ती मीच. तुम्ही काच खाली केली नसेल. असो.

एकदा गटाराच्या जाळीत पुढचं बारीक चाक अडकलं आणि अण्णा आडवे झाले. त्यांची मुलगी शहराबाहेरच्या होसकोट्याहून आली, गुडघ्याला पट्टी बांधली आणि निकाल दिला: आणखी एकदा पडलात तर सायकल भंगारात. बायको गेल्यापासून त्यांना घराबाहेर काढणारी तेवढी एक सायकलच उरली होती.

मी संतापून नवं पत्रक काढलं: 'पडला तो सायकलस्वार नव्हे, पडली ती व्यवस्था!' अण्णांनी ते पूर्ण वाचलं.

"छान आहे. पण जाळीची फट केवढी, ते कुठं लिहिलंस? टायर त्याहून रुंद घ्यायला हवा."

आम्ही दुकानात गेलो. दुकानदारानं आधी वजनाला हलक्या, किमतीला जड अशा वस्तू मांडल्या. पेडलला अडकणारे बूटही दाखवले. अण्णांनी ते उलटेसुलटे केले. "म्हणजे पडताना सायकल सोडून जाणार नाही. निष्ठावान आहे."

मी मध्ये पडले. अभिमानानं हिंदीत सांगितलं, हे सगळं साकूसाठी आहे. तर दुकानदार सगळं खोक्यात परत भरू लागला. मला कळेना. अण्णा काउंटर धरून हसत होते. कन्नडमध्ये साकू म्हणजे पुरे, हे मला त्या दिवशी कळलं.

"इतके दिवस सांगितलं का नाहीत?"

"तू इतक्या मायेनं चौकशी करायचीस. तुझं मन कोण मोडणार?"

शेवटी रुंद टायर, मडगार्ड, ब्रेकचे नवे रबर, मुलीच्या धाकानं हेल्मेट आणि हँडलला आरसा घेतला. आरशावरून मी भांडलेच. मागून येणाऱ्यानं बघून चालवावं, आरसा तुम्ही का लावायचा?

"बरोबर आहे तुझं," अण्णा म्हणाले. "फक्त रस्ता सुधारेपर्यंत मी कुठं उभा राहू, तेवढं सांग."

पत्रकात याचं उत्तर नव्हतं. अजून नाही.

अण्णा पुन्हा पडले नाहीत. त्यामुळे गेल्या वर्षी मुलगी त्यांना कायमचं होसकोट्याला न्यायला आली, तेव्हा सायकलही घेऊन चला, म्हणाली. टेम्पोवाल्यानं ती उचलली, तर अण्णांनी त्याच्या हातून काढून घेतली. "ही माझ्याबरोबर येईल."

मीही माझ्या सायकलवरून त्यांच्याबरोबर निघाले. वाटेत प्रत्येक जाळीला शिव्या दिल्या. अण्णा आपले रुंद टायर घेऊन त्यांच्यावरून शांतपणे गेले. वर्तूर गावात त्यांनी एक पाय टेकला आणि या वेळी माझ्या सीटवर थाप मारली.

"साकू."

मला अर्थ कळत होता. मी थांबले.

आरसा लावायची पाळी कुणावर येऊ नये, हे माझं मत कायम आहे. पण थोडं पुढं गेल्यावर अण्णांनी हात वर करून हलवला. मागं वळून न बघताच. मी नाक पुसत होते, तेही त्यांना दिसलं असणार.