ताडपत्रीखालच्या घोड्या

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या दादाला ओळखत नाही.

मी जात्याच संशयी आहे, हे आधीच कबूल करतो. भाजीवाला वजन करतो तेव्हा मी काट्याकडे नाही, त्याच्या बोटांकडे बघतो. पण सख्ख्या भावावर संशय घ्यायचा?

घेतला. वडिलांची जुनी जीप आम्ही दोघं मिळून नीट करत होतो — करंजाड्याला, दादाच्या घरामागच्या शेडमध्ये. मी बेलापूरहून दर रविवारी जायचो. बॉडी उतरवून नुसती चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, राहिली होती. ती जॅकने उचलायची, खाली चार लोखंडी घोड्यांचा टेकू द्यायचा, मगच हात घालायचा — हा दादाचाच नियम.

एका रविवारी पोचलो, तर एक अनोळखी माणूस चासीचे फोटो काढत होता. दादा शेजारी हसत उभा. मला बघून दोघं गप्प झाले — की मलाच तसं वाटलं? मनात म्हटलं, हा जीप विकतोय, मला न विचारता. माझ्याशिवाय पुढचं काम होऊ नये म्हणून चासी खाली उतरवून झाल्यावर, निघताना, चारही घोड्या गुपचूप माझ्या गाडीच्या डिकीत टाकल्या.

बुधवारी दादाची सुट्टी असायची. महाप्याच्या एका कारखान्यात तो लेथ चालवायचा. सकाळीच फोन आला.

"घोड्या कुठं ठेवल्यास रं? सगळी शेड पालथी घातली."

"कोपऱ्यातल्या ताडपत्रीखाली आहेत. नीट बघ."

एवढंच बोललो. 'माझ्याकडे आहेत' म्हणायला कितीसा वेळ लागला असता? पण मग चोरी उघडी पडली असती. आणि खरं सांगू — त्याची थोडी फजिती व्हावी, असंही वाटत होतं.

शोधून शोधून कंटाळला आणि त्याने पेव्हर ब्लॉक रचून त्यावर चासी टेकवली. ब्लॉक फुटले. उजवा हात खाली होता. दोन बोटं गेली.

वहिनीचा फोन आला तेव्हा मी तडक निघालो, पण हॉस्पिटलला नाही — आधी शेडवर गेलो. चासी एका अंगाला कलंडलेली, खाली ब्लॉकचे तुकडे आणि रक्त. मी डिकी उघडली, चारही घोड्या ताडपत्रीखाली नेऊन ठेवल्या. मग दादाला बघायला गेलो.

घरी आल्यावर त्याने डाव्या हाताने ताडपत्री उचलली. घोड्या तिथंच होत्या. "म्या हितंच बघितलं हुतं," म्हणाला.

"घाईत दिसलं नसेल," मी म्हणालो.

लेथ सुटली. आता तो त्याच कारखान्यात स्टोअर सांभाळतो. त्याला कळलंय का? कधी तो माझ्याकडे जरा जास्त वेळ बघतो आणि मी खाली वाकून नटबोल्ट गोळा करायला लागतो. तो फोटोवाला कोण होता, हे मी अजून विचारलेलं नाही. लाज वाटते सांगायला, पण विकायचाच बेत होता, असं अधूनमधून मनात येतंच.

दादाचा मात्र स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा उडालाय. दाराला कुलूप लावलं तरी वहिनीला ओढून बघायला लावतो. रविवारी पाना हवा असला, की तो समोर पडलेला असतानाही आधी मला हाक मारतो.

"हाय का रं तिथं? तू बघ."

मी बघतो, आणि आहे म्हणून सांगतो.