मामांची शेवटची चौकट

पाश्चात्त्य चित्रकलेचा मराठी मनावर झालेला सर्वांत खोल परिणाम सांगलीत, माझ्या बायकोच्या मामांवर झाला. कुठल्याही इतिहासात त्याची नोंद नाही, आणि ती असावी असं मामांना ओळखणाऱ्या कोणालाही वाटत नाही.

हायस्कुलात चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या मामांना एकोणीसशे नव्वदच्या सुमारास रद्दीच्या दुकानात पुठ्ठा गेलेलं एक इंग्रजी पुस्तक मिळालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या कुठल्याशा वर्तमानपत्रात दर रविवारी येणारी एक चित्रमालिका त्यात छापली होती. गोष्ट प्रत्येक पानावर एकच. एक जाडसा कारकून झोपतो आणि त्याला काहीतरी भयंकर स्वप्न पडतं. मिशी वाढत वाढत खिडकीबाहेर जाते, तिच्यावरून ट्राम धावायला लागते, सगळं गाव तिकीट काढून बसतं, आणि शेवटच्या चौकटीत तो दचकून जागा होतो. शेजारी बायको पाठ करून झोपलेली. आपण हे वाचून हसलो असतो आणि पान उलटलं असतं. मामांना एका पानाला महिना लागे. कंपासपेटीतला कर्कटक घेऊन ते चौकटी मोजत. स्वप्न वाढेल तशी चौकट उंच होते, पण जाग आल्याची चौकट कायम एसटीच्या तिकिटाएवढी, हा त्यांचा पहिला शोध. "स्वप्नाला जागा वाढवून मिळते, जावईबापू. जागेपणाला नाही," असं ते एका साखरपुड्यात म्हणाले, तेही मुलाच्या वडिलांना मध्येच थांबवून. आमच्याकडे जेवायला आले तरी ताटाशेजारी पुस्तक उघडं. "सहाव्या चौकटीत रजईला ठिगळ आहे, शेवटच्या चौकटीत नाही. मग खरी रजई कोणती?" मामी म्हणाल्या, "ठिगळाचं राहू द्या, आमटी निवतेय."

त्यांचा मुख्य सिद्धांत मात्र हसण्यासारखा नव्हता. सगळे समजतात, माणूस जागा झाला म्हणजे सुटला. मामा म्हणत, नीट बघा, इतक्या पानांत एकदाही त्याला कोणी विचारत नाही, काय रे, काय पाहिलंस? म्हणून तो पुन्हा झोपतो. बायकोला दोष देऊ नका, असंही ते सांगत. तिलाही सकाळी उठायचं असतं. मामी गेल्या तेव्हा घरात न ऐकणारं माणूसही उरलं नाही. त्यानंतर मामांनी एकच ध्यास घेतला: हे एकदा चार लोकांपुढे, सुरुवातीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत, सलग सांगायचं.

माण तालुक्यातल्या एका गावच्या व्याख्यानमालेचे चिटणीस माझ्या ओळखीचे होते. मी शब्द टाकला. मामांनी पुठ्ठ्यांवर चौकटी मोठ्या करून काढल्या आणि विषय कळवला: 'वृत्तपत्रीय स्वप्नचित्रमालिकेचे सूक्ष्म वाचन'. आम्ही पोचलो तेव्हा फळ्यावर लिहिलं होतं, 'स्वप्नांचे अर्थ'. चिटणीस म्हणाले, "सर, तेवढं फळ्यावर बसंना." मंदिराचा मंडप भरला होता. राष्ट्राला स्वप्नांची गरज आहे, हे अध्यक्षांनी चहा येईपर्यंत सांगितलं. मग मामा उठले, पहिला पुठ्ठा धरला आणि म्हणाले, "पहिल्या चौकटीत पलंग आहे."

पुढच्या रांगेतला एक म्हातारा धनगर उभा राहिला. "आवं मास्तर, पलंगाचं ऱ्हाऊ द्या. माझ्या सपनात मेंढरं येत्यात, पर वराडत न्हाईत. काय समजावं?"

मामा गोंधळले. पण सवय जाते कुठे? "तुम्ही उभे कुठे असता?"

"कडंला."

"ती तुमच्याकडे येतात की जातात?"

म्हाताऱ्यानं जरा आठवलं. "जात्यात."

"आबा, इकली न्हवं तुमी? मग जाणारच की," मागून कोणीतरी म्हणालं. मंडप हसला. आबा खाली बसले.

मग एक बाई उठल्या. "आमचं मालक ममईला असत्यात. सपनात येत्यात, पर दारातच उभं ऱ्हात्यात."

"दार केवढं असतं?"

"लय मोठं. आमच्या घराला तसलं न्हाई."

"म्हणजे वाढत जातं?"

"व्हय." त्या थांबल्या. "मग येत्याल का वो?"

"ते मला कळत नाही, बाई."

"मग कळतं काय तुमाला?"

"दार मोठं होतं, एवढंच."

यावर कोणी हसलं नाही. पण आणखी हात वर झाले. मामा प्रत्येकाला विचारत राहिले, उजेड कुठून होता, पाय जमिनीला टेकले होते का. शेवटी चिटणिसांनी आभार मानले. पहिला पुठ्ठा अजून मामांच्या हातातच होता.

परतीच्या एसटीत ते म्हणाले, "शेवटच्या चौकटीपर्यंत पोचलोच नाही." मी म्हटलं, "मामा, तुम्हाला काय स्वप्नं पडतात?" हे त्यांना कोणी कधी विचारलं नसावं. त्यांनी मांडीवरचे पुठ्ठे सारखे केले. मग म्हणाले, "मला पडत नाहीत."

व्याख्यानमालेच्या समितीनं त्यांना पुढेही दरवर्षी बोलावलं. दरवर्षी ते सगळे पुठ्ठे घेऊन जात, आणि पलंगाच्या पुढे त्यांना कोणी जाऊ देत नसे. एका हिवाळ्यात मामा वारले. त्या वर्षी समितीनं त्यांच्या जागी मधुमेहावर बोलायला डॉक्टर बोलावले. गर्दी दुप्पट होती, कारण साखर फुकट तपासून मिळणार होती.