तिसरी फेरी

मुक्कामाची जागा कशी निवडावी, हे कुणी विचारलं तर मी अजूनही तासभर बोलू शकतो. विचारत कुणी नाही, ही गोष्ट वेगळी. एकोणीसशे सत्तरच्या आसपास मात्र विचारत. मी तेव्हा मिरजगावच्या शाळेत शिक्षक होतो आणि मुलांचं स्काउट पथक माझ्याकडे होतं. तंबू ठोकायला एखादी जागा सुचवा, अशी जिल्ह्यातल्या इतर शाळांची पत्रं मला यायची. पुणतांब्याला गोदावरीच्या काठची एक आमराई, राजूरच्या पुढे डोंगरात धरणाच्या पाण्यालगतचा एक सपाट तुकडा, कुठे निंबाची दाट राई, अशा जागा माझ्या वहीत होत्या. प्रत्येकीपुढे मी पास किंवा नापास असं लिहिलेलं असे.

पास व्हायला तीन फेऱ्या लागत. पहिली भर दुपारी. सावली कुठवर टिकते, मुंग्यांची वारुळं कुठे आहेत, डोक्यावर वाळकी फांदी नाही ना, प्यायचं पाणी किती लांब, हे तेव्हा बघायचं. दुसरी बाजाराच्या दिवशी, म्हणजे जागेवरून माणसं आणि गुरं किती जातात-येतात ते समजतं. आणि तिसरी चांगला पाऊस पडून गेल्यावर, कारण पाणी कुठे साचतं हे जमीन एरवी सांगत नाही. ही तिसरी फेरी न करता मी एकदा मुलांना ओढ्याकाठी नेलं होतं. अवकाळी पाऊस आला आणि अंथरुणं, पिठाचे डबे, सगळं वाहून गेलं. मुलं सुखरूप राहिली, पण मुख्याध्यापकांनी सगळ्या शिक्षकांसमोर माझी जी हजामत केली ती मी विसरलो नाही. तेव्हापासून तीन म्हणजे तीन. मी हट्टी माणूस आहे, आणि हट्टाला नियम म्हणायची मला शिक्षकी पेशानं सवय लावली होती.

माझी बायको या वहीची मनसोक्त टिंगल करी. "मला बघायला आलात तेव्हा एकदाच आलात," ती म्हणायची. "पोहे खाल्लेत, पाणी प्यालात आणि होकार कळवलात. उरलेल्या दोन फेऱ्यांचं काय हो?"

"तिथंच चुकलं," मी म्हणायचो.

ती हसायची आणि हसता हसता तिला धाप लागायची. लहानपणी सांधे धरणारा ताप येऊन तिच्या हृदयाची झडप बिघडली होती. नगरच्या डॉक्टरांनी तिला बाहेर बसायला सांगून मला आत बोलावलं होतं. दगदग नको, जड उचलणं नको, मूल तर नकोच, आणि फार वर्षांचे बेत करू नका, असं ते म्हणाले. यातलं शेवटचं मी तिला सांगितलं नाही. तिला ते ठाऊक असणार, कारण घरी येईपर्यंत तिने मला काहीच विचारलं नाही.

बहात्तरच्या जानेवारीत सोलापूरकडे निघालेली एक परदेशी गाडी आमच्या गावात थांबली. बाहेरून बघाल तर डब्यासारखी मोटार. आत मात्र अख्खं घर होतं. दोघांना पुरेल असा पलंग, स्टोव्ह, भांड्यांची फळी आणि खिडक्यांना दोरीत ओवलेले फुलाफुलांचे पडदे. त्या घराचे धनी म्हणजे एक दाढीवाला तरुण आणि त्याची बायको. गावात इंग्रजी बोलणारा म्हणून मला बोलावणं आलं, आणि आमच्या हिलाही यायचंच होतं. त्या बाईने हिला हाताला धरून आत नेलं, पलंगावर बसवलं आणि बिनदुधाचा चहा दिला. हिने तो तोंड वाकडं न करता प्यायला. मग मला हाक मारून म्हणाली, "अहो, ऐकलंत का, यांचं बरं आहे. माहेरी जायचं तर घर बरोबर. भांडण झालं तरी निघून कुठे जाणार?"

त्यांना रात्रीपुरती पाण्याकाठी जागा हवी होती. गावापासून तीन मैलांवर तळं होतं आणि त्याच्या कडेला बाभळींचं रान. ते मी अजून तपासलेलं नव्हतं. म्हणून मी त्यांना शाळेचं मैदान सांगितलं आणि कारणंही सविस्तर समजावली. तो तरुण मान डोलवत राहिला. तेवढ्यात आमच्या हिने त्याच्या बायकोला खुणेनं तळ्याचा रस्ता दाखवला. गाडी धूळ उडवत तिकडे निघून गेली आणि मी माझी कारणं घेऊन रस्त्यात उभा.

सकाळी तिने हट्ट धरला म्हणून सायकलच्या कॅरिअरवर बसवून तिला तळ्यावर नेलं. पाणी आणि बाभळी यांच्यामध्ये बारीक गवताची एक पट्टी होती, तिच्यावर ती गाडी उभी होती. पडदे सरकवलेले होते आणि स्टोव्हवर आधण ठेवलेलं होतं. पलीकडच्या माळावर काळविटं चरत होती. ती माणसं आमच्याकडे बघून हात हलवत हसली, जसं काही आम्हीच त्यांच्या दारात पाहुणे.

परत येताना ती माझ्या पाठीला म्हणाली, "मला अशी एक रात्र हवी. गाडी नको, तंबू चालेल. रात्री पाण्याजवळ झोपायचं आणि सकाळी उठून पाणीच बघायचं. एकच. पुन्हा काही मागणार नाही."

लग्नाला सात वर्षं झाली होती. तिने मागितलेली ही पहिली गोष्ट.

"नेतो," मी म्हणालो. "आधी जागा तपासतो."

शाळेने मोडीत काढलेला दोन माणसांचा तंबू मी घरी आणला. तिने तो पंधरा दिवस थोडा थोडा शिवला. एका बाजूला चौकोन कापून खिडकी केली आणि आपल्या हिरव्या पातळाचा पडदा करून परकराच्या नाडीत ओवून तिथे लावला. तंबूला पडदा मी जन्मात पाहिला नव्हता. स्काउटच्या पुस्तकातही नव्हता.

मार्चमध्ये पहिली फेरी केली. सावली उत्तम, वारूळ नाही, पाणी हाताशी. तिथे मेंढरं पाजायला आणणारा एक म्हातारा धनगर भेटला. मी काठीने जमीन टोचताना बघून तो म्हणाला, "गुरजी, काय हरवलंय का?" मी काम सांगितलं. त्याने तळ्याकडे हात केला. "जागा झ्याक हाय. पर लई पाऊस झाला की पानी हितवर चढतंय. तेवढं बघा."

एप्रिलमध्ये बाजाराच्या दिवशी दुसरी फेरी झाली. सकाळपासून दोन बैलगाड्या आणि एक सायकल, बस. जागा दोन विषयांत अव्वल उतरली होती. तिसऱ्यासाठी पाऊस हवा होता.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या. आषाढात एकदा आभाळ भरून आलं, धूळ बसेल इतकं शिंतडलं आणि पांगलं. तेवढ्यावर ती चपला घालून दारात उभी राहिली. पिशवीत चादरी, चहा-साखरेच्या पुड्या, सगळं तयार. मी सायकलवर एकटा जाऊन बघून आलो. जमीन बोटभरसुद्धा भिजली नव्हती.

"हा पाऊस धरता येत नाही," मी सांगितलं.

तिने चपला काढल्या. "बरं," म्हणाली. "मास्तरांनी पेपर परत घेतला."

मग सगळं गावच पावसाचं विचारत होतं. तीही विचारायची, "पाऊस कधी हो येईल?" इतरांच्या विचारण्यात विहीर होती, वैरण होती. तिच्या विचारण्यात तंबू होता, आणि ते मला कळत होतं. तरी मी आभाळाकडे बघून "येईल" असं म्हणत राहिलो.

दिवाळीनंतर पुन्हा तळ्यावर गेलो. पाणी मधोमध उरलं होतं, एखाद्या परातीत राहावं तसं. गवताची पट्टी पिवळी पडली होती, पण जागा तशीच सपाट आणि स्वच्छ होती. धनगर होता. "आजून ठरंना व्हय गुरजी?" त्याने विचारलं. मी म्हणालो, पाऊस पडल्याशिवाय कसं कळणार? तो माझ्याकडे बघतच राहिला. "आवो, औंदा कुठलं पानी चढतंय? बाईस्नी घिऊन या नि झोपा की निवांत."

इतकं सोपं होतं ते. अक्षर न शिकलेल्या माणसाने उभ्या उभ्या सांगितलं आणि ट्रेनिंग कॉलेजातून शिकून आलेल्या मला ते पटलं नाही. मी त्याला नियम समजावला. मेंढरं पुढे गेली होती म्हणून तो निघून गेला.

आता खरं लिहितो. नियम हे निमित्त होतं. मला भीती वाटत होती. तिला तिथे काही झालं तर? तीन मैलांवर, रानात, मी एकटा. डॉक्टर कुठून आणणार? ही भीती तिला सांगायची तर नगरच्या डॉक्टरांचं ते वाक्यही सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा पावसाकडे बोट दाखवणं सोपं होतं. पाऊस काही उलट बोलत नाही.

हिवाळाभर ती खंगत गेली. पाय सुजू लागले. निजलं की श्वास कोंडायचा, म्हणून तंबूची घडी करून मी तिच्या पाठीशी टेकायला दिली. तेवढाच त्या तंबूचा उपयोग झाला. फेब्रुवारीत एकदा ती म्हणाली, "पाणी नसलं तरी चालेल मला. नुसतं जाऊ या." मी म्हणालो, "पाणी नाही तर तिथे काय बघणार? पावसाळा येऊ दे." ती त्या पडद्याची नाडी बोटाला गुंडाळत आणि सोडत बसली. मी उठून शाळेत गेलो. त्या दिवशी मी वर्गात काय शिकवलं ते आठवत नाही, पण शिकवलं, तास घेतला, हजेरीही मांडली. याचा राग मला आजही येतो.

ती गेली ती चैत्रात, भर दुपारी, घरात. दवाखाना दोन गल्ल्यांवर. मी धावत गेलो तर दाराला कुलूप. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या एका बाईला ऊन लागलं होतं, डॉक्टर तिकडे गेले होते. परत आलो तेव्हा शेजारच्या काकूंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. ज्या डॉक्टरसाठी तिला रानात नेलं नाही, तो घराजवळ असूनही नव्हता. मला कुणाला दोष द्यायचा नाही. दोष द्यायला घरातच एक माणूस होता.

पुढचा पावसाळा वेळेवर आला आणि भरभरून आला. चार दिवस झड लागली. पाचव्या दिवशी उघडलं, तेव्हा मी सायकल काढली. का काढली हे मला सांगता येत नाही. वही पिशवीत होती.

तळं तुडुंब भरलं होतं. गवताची ती पट्टी कुठे दिसतच नव्हती. बाभळी कमरेइतक्या पाण्यात उभ्या होत्या. त्या जागी कुणी तंबू ठोकला असता तर वाहून गेला असता. माझा नियम बरोबर होता. इतकं बरोबर असल्याची लाज मला त्यापूर्वी कधी वाटली नव्हती.

वरच्या अंगाला धनगर मेंढरं घेऊन बसला होता. मला बघून उठला, हसला. लांबूनच म्हणाला, "बगा, म्हनलो हुतो का न्हाई? पानी चढतंय म्हून!" मग जवळ येऊन त्याने माझ्या मागच्या रिकाम्या कॅरिअरकडे पाहिलं. "बाईस्नी न्हाई आनलं?"

मी त्याला सांगितलं.

त्याने डोक्याचं मुंडासं सोडलं आणि खाली बसला. मीही बसलो. तो पाण्याकडे बघत हळूच म्हणाला, "गेल्या सालीच आनायचं हुतं, गुरजी. गेलं वरीसभर हितं टिपूस न्हवता. कंच्या बी राती झोपला असता, तरी कोरडंच ऱ्हायला असता."

"हो," मी म्हणालो.