उंद्रीच्या व्याह्यायचं सूप

हे म्या आजपावतर कोनाले सांगतलं नाई. बायकोले नाई, पोराले नाई, पारावरच्या दोस्तायले तं बिलकुल नाई — अन् पारावर मी काय नाई सांगत? सायकलसंगट नालीत पडलो ते सांगतो. देवळातून दुसऱ्याच्या चपला घालून आलो, त्याबी दोनी डाव्या पायाच्या, तेबी सांगतो. आमच्या गावात, देऊळघाटात, माह्यावर हासल्याबिगर लोकायचा चहा गोड होत नाई. पन हे एक राहून गेलं. राहून गेलं कायचं — म्याच राहू देलं.

तशी गोष्ट एवढीशी हाये. लहान लेकराले पाजतेत त्या भाजीपाल्याच्या सूपाची. हासू नोका. म्हनजे हासा, पन मंग थांबा.

मी शाळेत गेलो नाई. गेलो होतो एक डाव, मास्तरनं बसवलं, तं खिडकीतून निंघून आलो. तवापासून भाजीपाल्यातच हाये. वावरात दुधी, गाजर, पालक, टमाटे, मिरची लावतो अन् बुलढाण्याच्या बाजारात नेऊन बसतो. घरी बायको, एक पोरगा, एक सून. सुनेचं नाव मनीषा. अन् मंग आरू झाली, माही नात.

आता काय सांगू? ते पोट्टी माही होती. माही म्हनजे — मी मिशी हालवली की हासे. मी नाकातून आवाज काहाडला की पाय झाडे. मले वाटे, साऱ्या जिंदगीत म्या जेवढा जोकरपना केला, तो या पोट्टीसाठीच शिकून राह्यलो होतो. बायको म्हने, "अवो, हातपाय धुवा पयले, मंग घ्या तिले." मी धोतराले हात पुसो अन् घेवो. तिले चालत होतं नं?

मंग उष्टावण आलं. आमच्याकडे लेकराले पयला घास मामा चारते. मनीषाले भाऊ नाई. मले वाटलं, मंग आजा चारन. आजानंच चारला — पन दुसऱ्या आजानं. मनीषाचा बाप, पुंजाजी, उंद्रीवाले. बायको म्हने, मामाच्या जागी तिकडलेच मानूस पायजे. बरोबरच होतं ते. चांदीच्या वाटीतली खीर त्यायनं बोटाच्या टोकावर घेतली अन् आरूच्या ओठाले लावली. पोट्टीनं चाटली, अन् त्यायच्याकडे अशी पाहे, अशी पाहे — जशी आजपावतर माह्याकडे पाहे.

त्या दिवशी मी अर्ध्या ताटावरून उठलो. बायकोले म्हनलो, बासुंदी बाधली. बासुंदी नोती केली त्या दिवशी.

मनीषाची सुट्टी सरली. ते कॉलेजच्या हापिसात कामाले हाये. बायकोचे गुडघे दुखतेत, मी वावरात — मंग लेकराले चारन कोन? मनीषा म्हने, बाबाले बलावते. तिची माय ते लहान असतानीच गेली होती, अन् या मानसानं एकट्यानं पोर वाढवली, दुसरी बायको केली नाई. एकच लेक, तेबी आमच्या घरी देल्ली. उंद्रीच्या घरात आता ते अन् म्हशीचं एक रेडू. मंग काऊन नाई येनार? पिशवी घेऊन येश्टीतून उतरले, अन् पिशवीत काय होतं? कपडे कमी अन् एक बारका कुकर.

त्यायचं सूप कराचं एक शास्तरच होतं. सकायी मी वावरातून आनो त्यातलं कवयं गाजर घेत, दुधीची फोड घेत. सालटं काहाडून बारीक बारीक चिरत. मुठीत मावन तेवढी मुंगाची दाय धुवत. हे सारं त्या बारक्या कुकरात, अन् चिमूटभर जिरं. मीठ नाई. मनीषानं सांगतलं होतं, वर्षाची होयपावतर मीठ नाई, साखर नाई. शिजलं की रवीनं घोटत अन् चहाच्या गायनीतून गायत. पयले पयले पान्यासारखं पातय. मंग जसे दात आले तसं घट्ट. नवी भाजी द्याची तं एका टायमाले एकच, दोन-चार दिवस पाह्याचं, पोट बिघडते का. मंग दुसरी. वरून तुपाचा थेंब. अन् चाराच्या अगुदर चमच्यातलं मनगटावर सांडून पाहत, गरम तं नाई. चाखून पाहत नोते. लेकराले उष्टं कसं द्याचं — असं त्यायचं म्हननं.

हे ध्यानात ठेवा. म्याबी ठेवलं होतं.

चारतानी ते काही बोलत नोते. मी चारलं असतं तं बंबगाडीचा आवाज काहाडला असता, घोडा झालो असतो. ते नुसते चूप बसत, चमचा धरत, वाट पाहत. अन् आरू तोंड उघडे. चिमनीच्या पिलावानी. गाजर माहं. दुधी माही. पालक माही, सकायी थंडीत कुडकुडत म्या खुडलेली. अन् तोंड उघडे त्यायच्यापुढे! मी वावरातून येवो, मिशी हालवो — पोट्टी वाटीकडे पाहे. माह्या मिशीले भावच नाई राह्यला.

एक दिवस ते बोलली. पयला शब्द. "नाना." नाना म्हनजे मायचा बाप, व्याहीच. सारं घर गोया झालं. मनीषाच्या डोयात पानी. व्याही तं उठून बाहीर गेले, डोये पुसाले. मी म्हनलो, "नाना नाई म्हनली ते, नाई-नाई म्हनली. सूप नोको म्हनते लेकरू." सारे हासले. मीबी हासलो. तुमाले म्हनून सांगतो — आतून जळून कोयसा झालो होतो.

मंग म्या ठरवलं, आपुनबी सूप कराचं. त्यात काय हाये? व्याही एका लगनाले गेले होते, बायको देवळात. म्या सारंच टाकलं — गाजर, दुधी, वांगं, मेथी. जेवढी भाजी जास्त तेवढी ताकद जास्त, असा माहा हिसाब. कुकर काठोकाठ भरला. शिट्टी काही होये ना. झाकन उघडाले गेलो — अन् फाडदिशी! सूप गेलं छतावर. मेथी मिशीत, वांगं भितीवर. बायको आली, वर पाह्यलं, मंग माह्याकडे पाह्यलं, म्हने, "लेकरू वर चढून चाटन काय?" ते गोष्ट म्या पारावर लय रंगवून सांगतली. जे सांगण्यासारखं होतं ते सांगतलं.

आता — आता ते दुसरं.

आरू तवा वर्षाच्या आतबाहीर होती. म्या वावरातून मिरच्या आनल्या होत्या, हिरव्या, अशा तिखट की हात लागला तं दिवसभर जळजळ. ठेचा कराचा होता. व्याही म्हने, "आना इकडे, मी देठं तोडून देतो." रिकामं बसनं त्यायले जमे ना. त्यायनं देठं तोडले, बायकोनं ठेचा कुटला, अन् खलबत्ता तसाच ओट्यावर ठेवला. व्याह्यायनं हात धुतले, साबनानं. म्या सोताच्या डोयानं पाह्यलं. मंग सूप केलं, वाटीत काहाडलं, थंड होऊ देलं, अन् अंगनात गेले आरूले आनाले. ते अंगनात शेजारच्या पोट्ट्यायसंगट होती. म्या आयकलं — ते लांबूनच खिदळली त्यायले पाहून.

त्या खिदळन्यानं झालं, असं मी सोताले सांगत होतो. नाई. खिदळन्यानं कायचं होते? लेकरू हासलं, हा काय गुन्हा हाये?

म्या खलबत्त्यात बोट बुडवलं, अन् सूपाच्या वाटीत फिरवलं. बस एवढंच. एक बोट. माहं.

मले काय पायजे होतं? तिनं थुकावं. व्याह्याच्या हातचा एक चमचा थुकावा, तोंड फिरवावं, अन् माह्याकडे यावं. मी मानूस एवढाच लहान हाये, याच्याहून मोठं कायी माह्या डोक्यात नोतं. अन् व्याही चाखनार नाई, मनगटावरच पाहतीन — हे मले मालूम होतं.

मनगटावर पाह्यलं. चमचा भरला. आरूनं तोंड उघडलं, पुरं उघडलं, थोडीबी शंका नाई त्या पोट्टीले. गियलं. मंग दुसऱ्या चमच्यासाठी पुन्हा उघडलं — तिखट लागाले एक सेकंद लागते नं — दुसराबी घेतला. अन् मंग तिचा आवाज. तसा आवाज म्या आयकला नोता. तोंडात हात घातला, तोच हात डोयाले चोयला. ओठ लाल, डोये लाल, श्वास अटकून राह्यला.

मनीषाची त्या दिवशी सुट्टी होती. ते पयत आली, सूप चाखलं, अन् म्हने, "बाबा! तिखट हाये हे! मिरच्या तोडल्या नं तुम्ही? हात नाई धुतले?"

व्याही सोताच्या हाताकडे पाहत होते. धुतले होते. मले मालूम होतं धुतले होते. त्यायलेबी मालूम असन. पन ते मानूस हळूच म्हने, "राह्यलं असन माई. नखात राह्यलं असन."

तवा बोलाचं होतं. तुमी म्हनान, काऊन नाई बोललो? मीबी तेच म्हनतो. तोंड तं होतं मले. गावभर तेच तोंड चालते.

बोललो नाई, उलट आरूले उचललं. ओठाले तूप लावलं, दह्याचं बोट चाटवलं — ते बोट नाई, दुसऱ्या हाताचं. खांद्यावर घेऊन अंगनात फिरवलं. अन् ते चूप झाली. माह्या गयात हात टाकून झोपली. अन् मले — हे सांगाले जीभ उचलत नाई — मले बरं वाटलं. लेकराचे ओठ सुजलेले, अन् मले बरं वाटलं.

पन हेबी खरं पाप नाई. खरं पुढं हाये.

बायकोनं दृष्ट काहाडली. मीठ-मोहरी, वाळल्या मिरच्या, आरूवरून उतरवल्या, चुलीत टाकल्या. ठसका आला नाई. आमच्याकडे मानतेत, ठसका नाई आला म्हनजे नजर लय मोठी. बायको घाबरली. "कोनाची एवढी नजर लागली बाप्पा माह्या लेकराले?" व्याही दाराजवय बसले होते, हात मांडीत घेऊन. अन् मी — मले चूप राहवत नाई, आदतच तशी — मी म्हनलो, "उंद्रीकडून वारं येऊन राह्यलं नं, तिकडचीच असन!"

सारे हासले. बायको हासली, पोरगा हासला. व्याहीबी हासले. सगळ्यायच्या मांगून, थोडं उशिरा हासले.

मनीषा हासली नाई. पन तिनं बापाकडे पाह्यलं. एक डाव. त्या पाहन्यात काय होतं मले सांगता येत नाई, पन व्याह्यायनं ते पाह्यलं, अन् म्या त्यायले पाहतानी पाह्यलं.

दुसऱ्या दिवशी सकायी ते पिशवी भरून बसले. म्हने, रेडू शेजाऱ्याकडे हाये, खात नसन. मीच येश्टीवर सोडाले गेलो. बारका कुकर इथंच ठेवला. "लागन तुमाले," म्हने. रस्त्यानं मी त्यायले चुटके सांगत गेलो. बोलत राह्यलो, बोलत राह्यलो.

आता आरू शाळेत जाते. व्याही येतेत सनावाराले, पेरू आनतेत. आले की पयले मोरीत जातेत अन् साबनानं हात धुतेत. पुन्हा धुतेत. मंग नाकाजवय नेऊन हुंगतेत. मंग आरूच्या डोक्यावर हात ठेवतेत, तेबी जरासा, उचलाच्या तयारीनं. आरूले वाटते नानाचा खेळ हाये. तेबी आपले हात हुंगते अन् हासते. म्याबी हासलो हाये त्याच्यावर. लोकायसमोर.

मंग मनीषाले दुसरं झालं, पोरगा. त्याचं उष्टावणबी झालं. मांगच्या पंधरवड्यात व्याही आले, तं मनीषानं तो बारका कुकर घासून त्यायच्यापुढं ठेवला. "बाबा, तुमीच करा. माह्या हातचं खात नाई तो." व्याही म्हने, "नाई माई, माह्या हाताचा भरोसा नाई." मनीषा ऐके ना. मंग व्याही बसले. गाजर चिरलं, दाय धुतली, घोटलं, गायलं. सूप तसंच झालं, तोच वास. वाटीत काहाडलं. मोरीत गेले, हात धुतले, पुन्हा धुतले, हुंगले — अन् मंग माह्याजवय आले. दोनी हात माह्या तोंडापुढं धरले, ओले.

"व्याही, पाहा बरं तुम्ही. मिरचीचा वास येते काय?"

म्या हुंगले. साबनाचा वास होता, अन् थोडा गाजराचा.

"नाई येत," म्हनलो.

त्यायनं ऐकलं, मान हालवली. तरीबी वाटी माह्या हातात देल्ली. "तुमीच चारा. तुमचे हात साफ हायेत."

मनीषा पाहत होती. आरू पाहत होती. म्या चमचा भरला, मनगटावर पाह्यलं, अन् लेकरापुढं धरला. त्यानं तोंड उघडलं. पुरं उघडलं.

म्या चारलं.