काकांची स्कूटर बंद करायची रीत

कर्जत आणि खालापूर हे दोन्ही तालुके धुंडाळले तरी माझ्या चुलत सासऱ्यांइतका ठाम माणूस सापडणार नाही. अडचण एवढीच, की ते दोन्ही बाजूंनी ठाम असतात. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. भिवपुरीच्या वीजघरातून निवृत्त होऊन ते खालापूरजवळच्या आपल्या गावी राहायला आले आणि तेव्हापासून गावातला एक म्हणून वाद संपलेला नाही. समोरचा हरायला आला की काकांना त्याची दया येते, आणि ते उठून त्याच्या बाजूला जाऊन बसतात. मग त्या बिचाऱ्याला स्वतःच्याच मताविरुद्ध भांडावं लागतं. शेवटी काका चहाचा ग्लास आदळून म्हणतात, "मी मघापास्नं तेच सांगतोय!" आणि दोन्ही पक्ष डोकं धरून घरी जातात.

आजाऱ्याला भेटायला जाणं हा त्यांचा छंद. नात्यातलाच आजारी हवा असा हट्ट नसतो. मोसंबी घेऊन जातात, उशाशी बसून सोलतात, आणि रुग्णाला खायची मनाई आहे असं कळलं की अन्न वाया जाऊ नये म्हणून स्वतः खातात. अशाच एका फेरीत त्यांनी वीजघरातला एक जुना सोबती नळ्यांच्या जंजाळात पडलेला पाहिला. त्या दिवशी पहिल्यांदाच ते मोसंबी न सोलता परत आले. संध्याकाळी देवळाच्या पारावर म्हाताऱ्यांची बैठक भरली होती, तिथे उभे राहून गरजले, "मानूस बरा व्हनार नाय, हे डाक्टरच सांगतो. मग त्याला कोनी इचारलं का, तुला ऱ्हायचंय का जायचंय? इच्छामरनाचा कायदा पायजेलच!" टाळ्या पडल्या. एवढ्यात एक निवृत्त मास्तर म्हणाले, "काका, फार्महाऊसवाले जमिनीला काय भाव देतायत, ठाऊक आहे ना? आज कायदा आला, तर उद्या निम्म्या गावातल्या म्हाताऱ्यांना मरायची इच्छा झालेली निघेल. त्यांना नव्हे, त्यांच्या मुलांना." काका क्षणभर पांढरे पडले. मग त्याच दमात, हातही खाली न घेता म्हणाले, "म्हनून सांगतो, असला कायदा नायच पायजे!" पुन्हा टाळ्या पडल्या. पहिल्यापेक्षा जास्तच.

या सर्व मतांपेक्षा जुनी अशी एक वस्तू त्यांच्या ओटीवर असते, ती म्हणजे त्यांची स्कूटर. तिचा रंग कोणता होता यावर घरात एकमत नाही. पत्रा गंजलाय, सीट फाटलीय, तरी दर रविवारी काका तिला पुसतात, किका मारतात आणि ती खोकत खोकत सुरू होते. बंद करायची त्यांची रीत न्यारी. ते बटण कधीच दाबत नाहीत. "बटन दाबनं म्हंजे गळा दाबनं," असं त्यांचं मत. ते सीटखालचा पेट्रोलचा कॉक फिरवतात आणि हात मागे बांधून बाजूला उभे राहतात. आत उरलेल्या पेट्रोलवर स्कूटर थोडा वेळ फटफटते, हळू होते, आणि आपली आपण थांबते. एकदा मी खोडसाळपणे म्हणालो, "काका, माणसाच्या इच्छामरणावर भाषणं करता, या बिचारीला कधी भंगारात सोडणार?"

काकांनी हातातलं पुसायचं फडकं खाली ठेवलं. "जावयबापू, तिनं मागितलं का?"

आणि मग अक्कानं मागितलं.

अक्का म्हणजे काकांची थोरली बहीण. ती कर्जतजवळ कोंडाण्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्या वाटेवरच्या गावात राहायची. काका सत्तरीचे झाले तरी तिच्यासाठी ते 'बारक्या'च. तिच्या पोटात कॅन्सर पसरला होता. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दुखू नये म्हणून औषध दिलं आणि सांगितलं, की आता घरी न्या. शेवटी धाप लागली तर मशीनवर ठेवता येईल, पण बऱ्या होणार नाहीत. घरी आल्यावर तिनं काकांना जवळ बोलावलं.

"बारक्या, पारावर भाषनं करतोस ना रं? मग मला सोडव. सुई दे नायतर काय पन कर. आनि त्या मशिनीला मला लावू नको."

काका बाहेर आले ते घामानं डबडबलेले. त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर शांतपणे म्हणाले, की सुई देणं आपल्याकडे गुन्हा आहे. पण मशीन नको असं त्या शुद्धीत असताना स्वतः सांगू शकतात. काका मला म्हणाले, "म्हंजे सुई न देता सोडायची. पन देऊन सोडायची नाय. यात फरक हाय का नाय, तुमी सांगा!" मी आधी 'आहे' म्हणालो, मग 'नाही' म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मी काकांसारखा बोलत होतो.

मग काकांनी आपल्याला येणारी एकमेव विद्या बाहेर काढली. आमच्याकडे माणसाचा जीव जाता जाईना, की तो कशात तरी अडकलाय असं समजतात, आणि ते शोधून माणसाला मोकळं करतात. काकांनी अक्काच्या शेतातून, भाताच्या रोपांसाठी भाजतात त्या वाफ्यातली मूठभर माती आणली. अक्कानं ती हुंगली आणि डोळे उघडून विचारलं, "राब नीट भाजला नाय का रं यंदा?" मग तिच्याशी बोलणं टाकलेली जाऊ आणली. दोघींनी मागचं भांडण जिथं थांबलं होतं तिथून पुढे सुरू केलं, आणि अक्काच्या गालांवर रंग चढला. शेवटी तांदळाच्या भाकरीबरोबर जवळ्याची चटणी झाली. घोटभर पेज न घेणाऱ्या अक्कानं चटणीचं बोट चाटलं, पुन्हा चाटलं, आणि म्हणाली, "मीठ कमी हाय."

काका ओटीवर येऊन माझ्या कानाशी लागले. चेहऱ्यावर आनंद होता आणि भीतीही. "जावयबापू, ह्यो इलाज सोडवायचा हाय, का धरून ठेवायचा?"

चटणीवर ती आणखी काही दिवस राहिली. मग एका दुपारी तिला धाप लागली. अक्काच्या मुलाला राहवेना, त्यानं अँब्युलन्स बोलावली. गाडी गल्लीत येऊन उभी राहिली तशी घरात दोन तट पडले. कोणी म्हणे न्या, कोणी म्हणे नका. मुलगा रडत म्हणाला, "मामा, तुमीच सांगा आता." काकांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता ते दोन्ही बाजूंनी बोलणार. पण ते उठले. आत जाऊन अक्काच्या उशाशी वाकले.

"अक्के, जायचं का गं दवाखान्यात?"

तिनं मान हलवली. 'नाही' अशी. मग त्यांचं बोट धरलं.

काका म्हणाले, "गाडीवाल्याला चहा द्या. आनि जाऊ दे त्याला." ड्रायव्हर चहा पिऊन गेला. गाडी दिसेनाशी होईपर्यंत मुलगा दारात उभा होता. काका मात्र हललेच नाहीत. चमच्यानं तिचे ओठ ओले करत राहिले. देवापाशी दिवा लागायच्या आत ती गेली.

तेव्हापासून काका पारावर जातात, पण भांडत नाहीत. कुणी मुद्दाम विषय काढला, 'काका, इच्छामरण हवं की नको?' तर दोन्ही बाजूंना चहा सांगतात आणि स्वतः पीत नाहीत. गाव हळूहळू कंटाळत चाललंय. आता तर वादही संपू लागलेत.

गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा स्कूटर सुरू होती. काकांनी कॉक फिरवला, हात मागे बांधले.

"जावयबापू, मी बटन नाय दाबलं."

"नाही काका."

"पन कॉक तर मीच फिरवला ना?"

मी वाकून कॉककडे पाहिलं. स्कूटर हळू झाली, थांबल्यासारखी वाटली. मी घरात जायला वळलो, तर काकांनी माझा हात धरला.

"थांबा. अजून चालू हाय."