तारीखवाल्या बहनजी

पहिल्या भेटीत माणसं नाव विचारतात, गाव विचारतात. बाई वाढदिवस विचारायच्या. मी चौदा जुलै सांगितला. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हणजे पॅरिसमध्ये तुरुंग फोडला त्या दिवशीची तू! बघू, इथं काय फोडतेस ते." एवढं बोलून खडूचे हात झटकत त्या वर्गावर निघून गेल्या. जयपूरच्या चारदीवारीतल्या, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातल्या, मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून तो माझा पहिला दिवस होता. साताऱ्याहून लग्न होऊन आलेली मी, हिंदी बोलताना घाम फुटायचा. शिक्षकांच्या खोलीत अचानक मराठी कानावर पडलं आणि तेही असं!

बाई नागपूरच्या. इतिहासात एम.ए. झालेल्या. यजमान केंद्र सरकारच्या हिशेब तपासणीच्या कचेरीत होते. बदलीवर जयपूरला आले आणि दोनच वर्षांत हृदयविकारानं गेले. पदरात एक लहान मुलगी. सासरचे परत बोलवत होते, पण बाई गेल्या नाहीत. "तिथं जाऊन काय करू? कोपऱ्यात बसून राहू?" असं म्हणाल्या आणि शाळेत नोकरी धरली. आदर्श नगरात एका पंजाबी कुटुंबाच्या घरात मागच्या दोन खोल्या त्यांनी भाड्यानं घेतल्या होत्या. आम्ही त्याच गल्लीत राहायचो. शाळेत सगळ्या शिक्षिकांना बहनजी म्हणायचे. यांना मुली 'तारीखवाली बहनजी' म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

शाळेच्या व्हरांड्यात एक काळा फळा होता. रोज प्रार्थनेच्या आधी बाई त्यावर 'आज के दिन' असं लिहून खाली त्या तारखेला जगात कोण जन्मलं, कोण गेलं, काय घडलं ते लिहीत. राजेरजवाडे आणि लढायाच लिहिल्या तर तो इतिहास नव्हे, असं त्यांचं म्हणणं. एखादी बाई हवी, एखादा शास्त्रज्ञ नाही तर गाणारा हवा, आणि माणसाला मान खाली घालायला लावणारी एक तरी गोष्ट हवीच. क्रम सालाप्रमाणे, जुनं वर, नवं खाली. त्यात कुणाची मोठाई चालायची नाही. सुट्टीच्या दिवसांचंही त्या शनिवारीच लिहून ठेवायच्या, कारण रविवारी जन्मलेल्यांनी काय घोडं मारलंय, असं त्या विचारायच्या.

आठवीत एक मुलगी होती, तिचा जन्म बरोबर सहा ऑगस्टचा, आणि तोही ज्या साली हिरोशिमावर बाँब पडला त्याच सालचा. वाढदिवसाला नवा फ्रॉक घालून, डब्यात पेढे घेऊन ती आली. बाईंनी पेढा खाल्ला, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि फळ्यावर त्या बाँबची ओळ लिहिली. मुलगी रडत घरी गेली. दुसऱ्या दिवशी आई भांडायला हजर. "मेरी बच्ची का जन्मदिन आपने ख़राब कर दिया!" बाईंनी तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "बहनजी, दिन किसी के बाप का नहीं होता. उस दिन वहाँ भी किसी की बच्ची का जन्मदिन रहा होगा." ती आई पाणी पिऊन उठून गेली. पटलं म्हणून की घाबरून, हे मला आजही सांगता येणार नाही.

'दिन किसी के बाप का नहीं होता' हे वाक्य त्यांच्या तोंडी सारखं असायचं. त्याला तोडीस तोड उत्तर एकदाच मिळालं, तेही घरमालकिणीकडून. बीजी म्हणायचे सगळे त्यांना. फाळणीत लाहोर सोडून आलेल्या. वैशाखीच्या दिवशी त्या गल्लीभर शिरा वाटत होत्या. ती तारीख तेरा एप्रिल, जालियनवाला बागेची. बाईंनी वाटी हातात घेऊन विचारलं, "बीजी, आज के दिन हलवा कैसे बना लेती हो?" बीजी म्हणाल्या, "बेटी, रोती भी हूँ, बनाती भी हूँ. बच्चे तो दोनों देखें." बाई वाटी घेऊन घरात आल्या आणि मला म्हणाल्या, "इतकी वर्षं शिकवून राहिले मी, पण हे मला सुचलं नव्हतं." त्यांच्या तोंडून दुसऱ्याची अशी स्तुती मी क्वचितच ऐकली.

शाळा एका जवाहिऱ्या शेटजींनी काढलेली. ते कधीच वारले होते, पण त्यांचा जन्मदिवस शाळेत दिवाळीसारखा साजरा व्हायचा. ती तारीख मी इथं लिहिणार नाही. हिवाळ्यातली होती, एवढं पुरे. त्या दिवशी फळ्यावर शेटजींचं नाव सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरांत असावं अशी कमिटीच्या सेक्रेटरींची इच्छा. त्याच तारखेला दूर देशी एक मोठा संगीतकार जन्मला होता आणि दक्षिणेत एक किल्ला पडला होता. दोन्ही गोष्टी शेटजींच्या आधीच्या. बाईंनी सालाप्रमाणे शेटजींना तिसऱ्या ओळीत बसवलं, तेही बाकीच्यांएवढ्याच अक्षरांत. सेक्रेटरी हसून म्हणाले, "बहनजी, सेठजी को आपने लाइन में खड़ा कर दिया!" ते हसले, पण विसरले नाहीत. गोऱ्यापान चेहऱ्याचा, अत्यंत गोड बोलणारा तो माणूस होता. मी त्यांना कधी आवाज चढवताना पाहिलं नाही.

गंमत म्हणजे त्याच समारंभात बाईंचं भाषण मात्र त्यांना हवं असायचं. 'आज के दिन का महत्त्व' असं त्याचं नाव. पाहुण्यांना ते फार आवडायचं. जगभरची नावं घेत घेत बाई शेवटी शेटजींपाशी येत, तेव्हा शेटजीही त्या मोठ्या लोकांच्या पंगतीत बसल्यासारखे वाटायचे. बाईंना हे कळत होतं. "नोकरी आहे बाप्पा," एवढंच म्हणायच्या.

मुलगी कुमुद आमच्याच शाळेत अकरावीत होती. आईसारखी तिखट नव्हती. मराठी अडखळत बोलायची, मधेच 'मतलब' म्हणून थांबायची, आणि बाई तिला दर वेळी टोकायच्या. "मतलब काय? मराठीत मतलब नाही का?" मग दोघी हसायच्या. तिला डॉक्टर व्हायचं होतं. मला मावशी म्हणायची आणि संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून गणितं सोडवायची.

एकसष्ट सालच्या हिवाळ्यात, शेटजींच्या जन्मदिवसाच्या तीन-चार दिवस आधी तिला ताप भरला. डोकं इतकं दुखायचं की उजेड सहन होईना. आमच्या ओळखीचे एक मराठी डॉक्टर मोठ्या इस्पितळात होते. ते समारंभाच्या आदल्या संध्याकाळी घरी येऊन पाहून गेले. म्हणाले, "सकाळपर्यंत उतार पडला नाही तर लगेच घेऊन या. मला लक्षण बरं दिसत नाही." बाई तशाच सेक्रेटरींच्या घरी गेल्या. मी सोबत होते. उद्या येता येणार नाही, मुलगी फार आजारी आहे, असं त्यांनी दारातच सांगितलं.

"बहनजी, मिनिस्टर साहब आ रहे हैं. भाषण तो आप ही का है," सेक्रेटरी म्हणाले. "बुख़ार किस घर में नहीं आता? थोड़ी देर की तो बात है."

"कोई और बोल लेगा. मैं लिखकर दे देती हूँ."

"आपकी मर्ज़ी. पर कमेटी पूछेगी कि जिस दिन ज़रूरत थी उसी दिन बहनजी क्यों नहीं आईं. फिर मैं क्या जवाब दूँ, आप ही बताइए."

बाहेर आल्यावर बाई थेट घराच्या रस्त्याला लागल्या. त्यांची नोकरी कमिटीच्या मर्जीवर होती आणि कुमुदचं सगळं शिक्षण अजून पुढं होतं.

सकाळी ताप थोडा उतरलेला वाटला. कुमुदनं डोळे उघडून दोन घोट दूधही घेतलं. "जा ना आई, मावशी आहे ना," असं तीच म्हणाली. मी सातव्या महिन्यात होते म्हणून मला समारंभाला यायची सक्ती नव्हती. मी आणि बीजी तिच्याजवळ बसलो. बाई पांढरी साडी नेसून गेल्या आणि दारातून दोनदा मागे वळून आल्या.

त्या गेल्यावर काही वेळानं कुमुदला झटका आला. अंग ताठ झालं, दातखीळ बसली. बीजींनी तिचं डोकं मांडीवर घेतलं, मी धावत जाऊन टांगा आणला. तिला उचलून टांग्यात ठेवलं, आणि गल्लीच्या टोकाला पोचायच्या आतच बीजींनी माझा हात धरला आणि टांगेवाल्याला थांबायला सांगितलं. शाळेत निरोप गेला तेव्हा बाई व्यासपीठावर बोलत होत्या. निरोप आणणाऱ्याला सेक्रेटरींनी मांडवाच्या कडेला उभं करून ठेवलं. भाषण पूर्ण होऊ दिलं. मग बाईंना सांगितलं.

घरी आल्यावर त्या रडल्या नाहीत. कुमुदच्या उशाशी बसून मला म्हणाल्या, "मी तेव्हा काय बोलत होते, माहीत आहे? त्या शेटजीच्या दयाळूपणाबद्दल." हेच वाक्य त्यांनी त्या दिवशी येईल त्या माणसाला सांगितलं.

पंधरवड्यानं त्या शाळेत आल्या, फळा लिहू लागल्या. आम्हाला वाटलं, बाई सावरल्या. वर्षभरानं ती तारीख आली. सकाळी मी व्हरांड्यात शिरले तर फळ्यावर नेहमीसारखा संगीतकार, किल्ला, शेटजी, आणि त्याखाली चौथी ओळ होती: 'निधन: कुमुद, इस विद्यालय की छात्रा.' अक्षर बाकीच्यांएवढंच. मुली फळ्यासमोर उभ्या होत्या.

सेक्रेटरी आले. त्यांनी ओळ वाचली आणि बाईंना बाजूला घेतलं. "बहनजी, आज शुभ दिन है. यह आपके घर की बात है."

"इसी स्कूल की लड़की थी," बाई म्हणाल्या. "और इसी दिन गई. इसमें झूठ क्या है?"

"झूठ कुछ नहीं. पर आप ही तो कहती हैं, दिन किसी के बाप का नहीं होता." ते नेहमीसारखंच मंद हसले. "तो फिर माँ का भी कैसे हुआ?"

त्यांनी शिपायाला खूण केली. शिपायानं ओलं फडकं आणून तेवढीच ओळ पुसली. बाई खडू हातात धरून उभ्या होत्या. वाक्य त्यांचंच होतं. प्रार्थनेची घंटा झाली आणि मुली रांगेनं निघून गेल्या.

त्यानंतर बाईंनी कुणालाही वाढदिवस विचारला नाही. फळा लिहायच्या, पण कमिटी सांगेल तेवढंच. मंत्र्याचा वाढदिवस, देणगीदाराचा वाढदिवस, मोठ्या अक्षरांत, सगळ्यांत वर. कुणी मुलगी विचारायला गेली की, "बहनजी, आज और क्या हुआ था?" तर म्हणत, "कुछ नहीं हुआ." बीजी दर वैशाखीला शिऱ्याची वाटी घेऊन यायच्या. बाई ती घ्यायच्या आणि तशीच माझ्या घरी पाठवून द्यायच्या.

पासष्ट साली त्या निवृत्त झाल्या. त्याच हिवाळ्यात शाळेनं शेटजींच्या जन्मदिवशी त्यांचा सत्कार ठरवला. त्या जाणार नाहीत अशी माझी खात्री होती. त्या गेल्या. शाल-श्रीफळ झालं, सेक्रेटरींनी त्यांना 'हमारे विद्यालय की धरोहर' म्हटलं आणि दोन शब्द बोलायची विनंती केली. बाई माइकपाशी आल्या. मांडवात पोरं रडत होती, मागच्या रांगेत लाडू वाटप सुरू झालं होतं. त्या म्हणाल्या, "आज के दिन मेरी बेटी मरी थी, और मैं यहाँ खड़ी थी." आणि जागेवर जाऊन बसल्या.

मांडवभर टाळ्या पडल्या. कुणी ऐकलंच नव्हतं. भाषण संपलं, एवढंच लोकांना कळलं होतं. सेक्रेटरींनी ऐकलं होतं. तेही टाळ्या वाजवत होते.

परतताना सांगानेरी दरवाज्यापर्यंत आम्ही चालत आलो. रिक्षात बसल्यावर बाई म्हणाल्या, "पाहिलंस? कुमुदला टाळ्या पडल्या." मी त्यांचा हात धरला, त्यांनी तो सोडवून घेतला.

पुढल्या वर्षी माझ्या यजमानांची बदली झाली. निरोप घ्यायला गेले तेव्हा बाई अंगणात उन्हाला बसून मटार सोलत होत्या. मी वाकून नमस्कार केला. म्हणाल्या, "सुधा, एक सांगून ठेवते. मी मेले की लोक म्हणतील, बाईंनी शेवटी सगळ्यांना माफ केलं. लोकांना असं म्हणायला फार आवडते. तसं काही झालेलं नाही. होणारही नाही."

त्या गेल्याचं मला दोन वर्षांनी कळलं. शाळेत शोकसभा झाली होती. एका जुन्या सहकारी बाईंनी त्याबद्दल मला फार भारावून सांगितलं. सेक्रेटरी साहेबांचे डोळे म्हणे भरून आले होते. म्हणाले, "इतना दुख सहा, पर बहनजी के मन में किसी के लिए कोई शिकायत नहीं थी."

होती. शेवटपर्यंत होती.