कच्चे रोडगे आणि फ्रेंच साहेब

चंपाषष्ठीला जानेफळात खंडोबाच्या देवळामागे रोडग्यांची पंगत बसते, आणि त्या रोडग्यांचा जगरा उद्धव सरांनीच लावायचा, असं वीसेक वर्षं चालत आलं होतं. गोवऱ्या पेटवायच्या, त्यांचा विस्तव झाला की कणकेचे गोळे त्यात पुरायचे आणि वरून राख ओढायची, एवढंच ते काम. पण उकरायचं कधी, हे सर सांगणार. सर राखेवर नुसता हात धरत, डोळे मिटत आणि म्हणत, "काढा." कोणी घड्याळ पाहिलं तर त्यांना अपमान वाटे.

पोटापाण्यासाठी त्यांनी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्तीच्या समारंभात मात्र झाडून सगळे वक्ते रोडग्यांवरच बोलले. गुरुत्वाकर्षणाचं नाव कोणी काढलं नाही. सर जरा खट्टू झाले, पण फार नाही.

निवृत्तीनंतर माणसं गुडघे धरून बसतात, नाहीतर एखादी समिती धरून. सरांनी घरबसल्या तत्त्वज्ञानाचं एम.ए. धरलं. तिथे त्यांना शंभरेक वर्षांपूर्वीचा एक फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ भेटला. त्याच्या नावाचा उच्चार सरांना शेवटपर्यंत जमला नाही, म्हणून ते त्याला 'आमचे फ्रेंच साहेब' म्हणत, जणू हे साहेब मेहकरच्या तहसील कचेरीतून बदलून गेले होते.

साहेबांचं म्हणणं थोडक्यात असं. प्रयोग फसला तर नेमकं कुठलं एक गृहीतक चुकलं, हे तर्कानं सांगता येत नाही. सिद्धान्त परीक्षेला एकटा बसतच नाही. त्याच्यासोबत उपकरणं, मोजमापं, आधीचे नियम असा अख्खा गठ्ठा बसतो, आणि नापास होतो तो गठ्ठा. पुढचे मोठमोठे विज्ञानतत्त्वज्ञ या मुद्द्यापाशी येऊन थबकले. काहींनी तो आणखी ताणला, काहींनी त्याच्याशी भांडण्यात हयात घालवली. उद्धव सर थबकले नाहीत. त्यांनी तो घरी आणला.

"दूध उतू गेलं," सरांच्या पत्नी पद्मजाबाई म्हणाल्या. "तुम्हाले पाहाले सांगतलं होतं."

"माझं पाहणं हे एक गृहीतक झालं," सर म्हणाले. "गॅस आहे, पातेलं आहे, दूध आहे, म्हैस आहे..."

"म्हशीले मधात आनू नका."

त्या दिवसापासून सरांची एकही चूक झाली नाही. होतच नव्हती, होत होती ती गठ्ठ्याची.

मग आली यंदाची चंपाषष्ठी. पंगत बसली, वांग्याची भाजी वाढून झाली, तूप आलं, आणि रोडगा फोडला तर वरून खरपूस आणि आत सरळ कणीक. आलेले पाहुणे शिष्टाचारानं चावत राहिले. खंडोबाचा नैवेद्यही तसाच गेला, पण देव बोलत नाही म्हणून निभावलं.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या ओट्यावर बैठक बसली. मधोमध पंगतीचे कारभारी नारायणराव. शेखर केटरिंगवाला आधीच उभा होता.

"पुढच्या साली माही गॅसची भट्टी लावू," शेखर म्हणाला. "बटन दाबलं का झालं. राख नाही, धूर नाही, सर नाही."

सरांना पेन्शन होतं, घर होतं, एम.ए. होत आलं होतं. पण गावानं ज्यासाठी त्यांना ओळखावं असा एक जगराच होता. ते उठले आणि त्यांनी फ्रेंच साहेबांना बाहेर काढलं.

"रोडगे कच्चे राहिले हे मान्य. पण कशामुळे? कणीक सैल असेल. गोवऱ्या ओल्या असतील. वारा फिरला असेल. यातल्या एकावर बोट ठेवता येत नाही."

"म्हंजे कोनाचीच चूक नाही, असंच ना?" नारायणरावांनी विचारलं.

"सिद्ध होत नाही."

हे सगळ्यांना फार आवडलं. गोवऱ्या पुरवणाऱ्यानं मान डोलावली. पाणी उशिरा आणणाऱ्यानं तर "हाव, बराबर हाय" म्हणून मांडी थोपटली. जगातल्या विद्यापीठांत ज्यावर अजून वाद चालू आहे, तो सिद्धान्त जानेफळात पाच मिनिटांत एकमतानं मंजूर होत होता.

तेवढ्यात कणीक मळणाऱ्या बायांच्या म्होरक्या जनकाबाई बोलल्या.

"सर, मले एक सांगा. कच्चे राह्यले त्यात कनीक, गोवऱ्या, वारा, सारेच भागीदार. मंग आतापावतर चांगले झाले, ते कोनामुळं?"

उत्तराची वाट न पाहता त्याच पुढे म्हणाल्या,

"तेबी गठ्ठ्यानंच झाले म्हना की. मंग जगरा तुमीच काऊन लावाव? शेखर लावो, नाहीतर वारा लावो."

शेखर हसला. कच्च्यातून सुटावं तर खरपूसही हातचे जातात, हे सरांनी कुठल्याच स्वाध्यायात लिहिलं नव्हतं. साहेबांनी पुढे एक वाट ठेवली होती, तीही त्यांना आता आठवली: तर्क संपतो तिथे शहाण्या माणसाची समज निकाल देते. ते पान परीक्षेला नव्हतं, म्हणून सरांनी वरवर चाळलं होतं.

"चूक माझी आहे," सर म्हणाले. "एकट्याची. रोडगे पुरल्यावर मी पाहुण्यांना फ्रेंच साहेब समजावत बसलो. विस्तव खाली बसला, मी हात न धरताच 'काढा' म्हटलं. आणि आजवर जे चांगले झाले, तेही माझेच. एकट्याचे."

"कनकीचं काय?" जनकाबाईंनी विचारलं.

"कणीक तुमची. उत्तम होती."

नारायणरावांनी शेखरकडे पाहिलं, मग जनकाबाईंकडे. निकाल कोणाकडून येणार हे त्यांना ठाऊक होतं.

"जगरा सरचाच राहू द्या," जनकाबाई म्हणाल्या. "पन रोडगे पुरले का त्यायच्या तोंडाले फडकं बांधा."

"किती वेळ?" सरांनी विचारलं.

"पंगत उठेपावतर."

सरांनी अट तिथल्या तिथे मान्य केली आणि ओट्यावरून उतरले. भर बैठकीत दोषी ठरलेला माणूस इतक्या ऐटीत घरी जाताना जानेफळानं पहिल्यांदाच पाहिला.